नदी निळी नसते : डोंगर-नदीचं पहिलं तैलचित्र

बऱ्याच वर्षांपूर्वी वाईजवळच्या मेणवलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर बसून मी माझं पहिलं तैलचित्र रंगवत होतो. डोंगर हिरवे केले, आभाळ निळं केलं आणि मधोमध नदीचा एक निळा पट्टा ओढला. शेजारी दगडावर वाकळा धुणाऱ्या एक मावशी हात पुसत मागं येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, “दादा, नदी कुठं अशी निळी असती व्हय? बघा की, समदा डोंगुर उतरलाय तिच्यात.”

मी मान वर करून पाहिलं. पाण्यात निळं फारसं काही नव्हतंच. पलीकडच्या काठाखाली करंजाच्या झाडांची गर्द छाया होती, मधे डोंगराचा तपकिरी-जांभळा रंग पसरला होता, आणि माझ्या पायाशी तर तळातले गोटे दिसत होते. आभाळ होतं ते फक्त मधल्या एका पट्टीत.

त्या दिवसापासून मी नदी पाहायला शिकलो. पुढं जे सांगतोय ते ज्यांनी तैलरंगाची ट्यूब अजून उघडलेली नाही, किंवा उघडून एखादं चित्र बिघडवून ठेवलंय, त्यांच्यासाठी आहे. साताऱ्याच्या आसपास राहणाऱ्याला यासाठी लांब जावं लागत नाही. कृष्णा, कोयना आणि वेण्णा या तिन्ही नद्या महाबळेश्वराच्या डोंगरातून निघून आपल्या जिल्ह्यातून वाहतात, आणि प्रत्येकीचं पाणी वेगळं दिसतं.

आधी नुसतं पाहायला जा

पहिल्या फेरीला रंग नेऊ नका. वही, मऊ पेन्सिल, मोबाइल आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा एवढंच न्या. पुठ्ठ्याच्या मधोमध ४ इंच रुंद आणि ३ इंच उंच अशी खिडकी कापून घ्या. आपण १६ बाय १२ इंचाचा कॅनव्हास घेणार आहोत, त्याचंही प्रमाण तेच. ही खिडकी डोळ्यांसमोर धरून हात पुढं-मागं केला की एवढ्या मोठ्या देखाव्यातून चित्रात काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळतं. नवीन माणूस सगळंच घ्यायला जातो. देऊळ, घाट, पूल, झाडं, गुरं, डोंगर, आभाळ. पहिल्या चित्रात एक डोंगररांग, एक वळण आणि काठावरची थोडी झाडं पुष्कळ झाली.

दिवस निवडायचे तर नोव्हेंबर ते जानेवारी. पावसाळ्यात इथं सगळंच हिरवं असतं आणि हिरव्यातले फरक ओळखणं हे नवख्यासाठी सगळ्यात अवघड काम. शिवाय पाणी गढूळ. एप्रिल-मेमध्ये धुरकट हवेत लांबचा डोंगर पुसून जातो. दिवाळीनंतर मात्र डोंगरावरचं गवत सोनेरी होतं, सावल्या निळ्या-जांभळ्या पडतात, पाणी निवळतं आणि उसाला रुपेरी तुरे येतात. पिवळा आणि जांभळा हे एकमेकांना उठाव देणारे रंग. त्यामुळं या दिवसांत निसर्गानं अर्धं काम आधीच केलेलं असतं.

जागा म्हणाल तर वाई ते धोम हा पट्टा मला सर्वांत सोयीचा वाटतो. नदी फार रुंद नाही, पाणी संथ आहे आणि डोंगर जवळ आहेत. क्षेत्र माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते तिथं जुनी देवळं फार सुंदर आहेत, पण देवळांचं रेखाटन सांभाळताना पाण्याकडं दुर्लक्ष होतं. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर पात्र रुंद आणि डोंगर लांब. बामणोलीला कोयनेचं अडवलेलं पाणी, म्हणजे जवळजवळ तलावच. ते सगळं नंतर. आणि एक काळजी कायम घ्या. धरणाखालच्या नदीत पाणी सोडलं की पातळी वाढते. पात्रातल्या दगडावर बसून काम करायचं नाही, काठावरच बसायचं.

वेळ दुपारी साडेतीन ते पाच. ऊन तिरपं असतं, डोंगराच्या घळींमध्ये सावल्या भरतात आणि डोंगराला जाडी येते. भर दुपारी हाच डोंगर कागद चिकटवल्यासारखा सपाट दिसतो.

आपला डोंगर त्रिकोणी नाही

शाळेत असताना आपण सगळ्यांनी तीन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य काढलेला आहे. तो हात अजून तसाच आहे. वाईच्या परिसरात पांडवगड, वैराटगड, कमळगड असे किल्ल्याचे डोंगर आहेत. त्यातला कुठलाही एक पाच मिनिटं निवांत पाहा. माथा बराचसा सपाट, त्याखाली उभा काळा कडा, मग उतार, परत एक कडा, परत उतार. जिन्यासारखी रचना. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून हा बेसॉल्टचा दगड झाला. कठीण थरांचे कडे राहिले, मऊ थर झिजून उतार झाले. हे आडवे काळे पट्टे समोरच्या सगळ्या डोंगरांवर जवळपास एकाच उंचीवर चालत गेलेले दिसतात. चित्रात एवढं एक आलं की बघणारा लगेच म्हणतो, हा आपला सह्याद्री. ते नसेल तर तो कुठल्याही कॅलेंडरावरचा डोंगर.

वहीत तीन छोटी रेखाटनं करा, प्रत्येक फक्त पाच मिनिटांचं. त्यात बारकावे नकोत. डोळे किलकिले करून पाहिलं की पानं, दगड, गवत सगळं विरघळतं आणि उजेड-सावलीचे चार-पाच मोठे तुकडे उरतात. तेवढेच पेन्सिलीनं भरा. सर्वांत उजळ तुकड्याला १ आणि सर्वांत गडद तुकड्याला ५ असा आकडा लिहा. बाजूला रंगांची टिपणं शब्दांत करा. मी अशी करतो: “मागचा डोंगर राखेत थोडा जांभळा”, “काठाखालचं पाणी काळ्या चहासारखं”. मोबाइलचा फोटो सावल्या काळ्या करतो आणि आभाळ पांढरं करतो, म्हणून फोटो आकारासाठी आणि टिपण रंगासाठी.

सामान

रंगांच्या सात ट्यूब घ्या: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (विटकरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अ‍ॅलिझरिन क्रिमझन (गर्द लाल) आणि अल्ट्रामरीन ब्लू. पांढरा सगळ्यात जास्त लागतो, म्हणून त्याची ट्यूब मोठी. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर सारख्या प्रमाणात मिसळले की जो गडद रंग होतो, तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंत असतो. निळा थोडा वाढवला की थंड, अंबर वाढवला की उबदार. तयार हिरवाही घेऊ नका. ट्यूबमधला हिरवा आपल्याकडच्या कुठल्याच झाडाचा नसतो. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनचा हिरवा कोवळ्या उसाला चालतो, यलो ऑकर आणि अल्ट्रामरीनचा मातकट हिरवा करंज-आंब्याला चालतो, आणि दोन्हींत कणभर बर्न्ट सिएना घातला की हिरवा भडक राहत नाही.

ब्रश चार पुरतात. राठ केसांचे चपटे दोन, एक बोटभर रुंद आणि एक त्याच्या निम्मा. मऊ केसांचा चपटा एक, तो पाण्यासाठी. आणि बारीक लांब केसांचा एक, फांद्यांसाठी. एक पेंटिंग नाईफ हवीच. रंग मिसळायला ती ब्रशपेक्षा चांगली, आणि चुकलेलं खरवडायलाही तीच.

कॅनव्हास जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, लावलेला तयार मिळतो. पहिल्यांदा कॅनव्हास बोर्ड, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला कॅनव्हास, घ्या, तो स्वस्त पडतो आणि प्रवासात दबत नाही. पॅलेट, म्हणजे रंग मिसळायची पाटी, म्हणून काचेचा तुकडा उत्तम. कडा घासून घ्या आणि खाली करडा कागद ठेवा.

आता तेल. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं. प्रत्येक तेल असं वागत नाही. शेंगतेल किंवा खोबरेल रंगात घातलं तर तो थर कधीच वाळणार नाही, वर्षानं हात लावला तरी चिकट. घाण्यावरचं खायचं जवसाचं तेलही नको, त्यात चिकट गाळ राहतो आणि ते जास्त पिवळं पडतं. चित्रकलेच्या सामानात मिळणारं शुद्ध केलेलं जवसाचं तेल घ्या, म्हणजेच लिनसीड ऑइल. पातळ करायला टर्पेंटाइनही तिथलंच घ्या. दाराखिडक्यांच्या रंगाचा थिनर नको. टर्पेंटाइनच्या वासानं डोकं धरतं, म्हणून दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवून काम करा आणि बाटलीचं झाकण लावलेलं असू द्या. लहान मुलं असलेल्या घरात तर हे कटाक्षानं.

याशिवाय जुन्या सुती बनियनच्या चिंध्या आणि काचेच्या दोन बरण्या. चिंध्यांबद्दल एक गोष्ट फार गांभीर्यानं सांगतो. जवसाच्या तेलात भिजलेला कापडाचा बोळा वाळताना तापतो, आणि ढीग करून टाकला तर स्वतःहून पेट घेऊ शकतो. काम झालं की चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

पहिली बैठक: पांढरं घालवणं

चित्र घरी, टिपणं आणि फोटो समोर ठेवून करायचं. जागेवर बसून रंगवणं अतिशय आनंदाचं आहे, पण ऊन दर वीस मिनिटांनी बदलतं आणि नवखा त्याच्यामागं पळत राहतो. दोन-तीन चित्रं घरी झाली की मग बाहेर जा.

पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलाही रंग गडदच वाटतो आणि अंदाज चुकतो. म्हणून बर्न्ट सिएनाचा छोटा ठिपका भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फिरवा आणि चिंधीनं पुसून काढा. विटकरी रंगाची हलकी झाक राहील. ती रात्रभर वाळू द्या. पुढं गवताच्या आणि झाडांच्या मधून ही उबदार झाक कुठं कुठं डोकावते आणि सगळं चित्र एका उन्हातलं वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी पातळ बर्न्ट अंबरनं, बारीक ब्रशनं रेखाटन करा. १२ इंच उंचीत पलीकडचा काठ खालून साधारण ५ इंचांवर घ्या. काठावरची झाडं ७ इंचांपर्यंत, डोंगराचा माथा १० इंचांपर्यंत, वर आभाळ २ इंच. आभाळ मुद्दाम कमी ठेवलंय. आपल्याला दरीत बसल्यासारखं वाटायला हवं, आणि आभाळाचा मोठा भाग पाण्यातून येणारच आहे.

इथं सगळ्यात मोठी चूक होते ती नदीच्या आकारात. नदी लांब जाते हे माहीत असल्यानं आपण तिला रस्त्यासारखी वर वर चढवत नेतो, आणि मग ती डोंगरावरून सांडलेल्या पाण्यासारखी दिसते. पाणी सपाट असतं. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना पुढचं पाणी रुंद दिसतं, पण पहिल्या वळणापलीकडचं पाणी एकदम चपटं होतं. दुसऱ्या वळणाचं तर काडीएवढी जाड एक उजळ रेघच उरते. काठावर पेन्सिल आडवी धरून हे मोजून या. चित्रात दुसरं वळण जितकं बारीक कराल तितकी नदी लांब जाईल. आणि नदी चित्राच्या नेमक्या कोपऱ्यातून आत आणू नका. खालच्या कडेच्या डाव्या तिसऱ्या हिश्श्यातून आणून उजवीकडं वळवली की नजर सहज आत जाते.

रेखाटन झालं की सर्वांत गडद जागा पातळ रंगानं भरून टाका: झाडांखालची सावली, काठाची कपार, त्यांची पाण्यातली छाया. आता दहा पावलं मागं जाऊन बघा. एवढ्या एका तपकिरी रंगातच चित्र ओळखू येत असेल तर पुढं चला. येत नसेल तर इथंच दुरुस्त करा, कारण नंतर कितीही सुंदर रंग लावले तरी हा दोष जात नाही.

दुसरी बैठक: आभाळ आणि लांबचे डोंगर

तैलरंगाचा एक नियम पाठच करून ठेवा: खालचे थर टर्पेंटाइननं पातळ, वरचे थर तेलकट. उलटं केलं तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला तडे जातात. म्हणून या बैठकीत तेल जवळजवळ नाहीच, गरज पडली तर थोडं टर्पेंटाइन.

आभाळ वरच्या कडेला अल्ट्रामरीन आणि पांढरा, खाली डोंगराजवळ येताना पांढरा वाढवत न्या आणि कणभर यलो ऑकर घाला. आपल्याकडचं क्षितिज थंडीतही थोडं मातकट-पिवळसर असतं.

डोंगरांसाठी एक मूळ मिश्रण करा: पांढरा, त्यात अल्ट्रामरीन, थोडा अ‍ॅलिझरिन आणि थोडा ऑकर. राखाडी-जांभळा रंग होईल. सर्वांत लांबची रांग या रंगानं, भरपूर पांढरा घालून. तिथं एकही दगड, एकही झाड काढायचं नाही. तिच्या अलीकडच्या रांगेला पांढरा कमी, बर्न्ट सिएना थोडा जास्त. जवळच्या डोंगराला उन्हाच्या बाजूनं गवताचा सोनेरी, म्हणजे ऑकर, पांढरा आणि सिएना, तर सावलीच्या बाजूनं मूळ मिश्रण पांढऱ्याशिवाय. मधे जितकी हवा, तितका रंग फिका आणि निळसर. वाईच्या दरीत उभं राहून मागच्या तीन रांगा मोजल्या तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

मग कड्यांचे आडवे पट्टे. चपट्या ब्रशची नुसती धार रंगात टेकवून, तुटक तुटक. सलग रेघ मारली की डोंगराला दोरी बांधल्यासारखं दिसतं. घळ येते तिथं पट्टा आत वळतो, सोंड येते तिथं बाहेर. शेवटी डोंगराची आभाळाला भिडणारी कड कोरड्या मऊ ब्रशनं एकदाच हलकेच पुसा. ही एक कृती डोंगराला मैलभर मागं नेते.

तिसरी बैठक: काठ आणि पाणी, दोन्ही एकाच दिवशी

ही बैठक मोठी ठेवा. तीन तास मोकळे हवेत. काठ आज आणि पाणी पुढच्या रविवारी असं करू नका. काठाला जो रंग लावलाय तोच थोडा बदलून पाण्यात उतरवायचा असतो, आणि तो पॅलेटवर ओला असतानाच हे जमतं.

आधी पलीकडचा काठ. झाडं एकेक करून काढू नका, गर्दी काढा. करंज, उंबर, जांभूळ यांचे घेर एकमेकांत मिसळलेले असतात. गडद हिरवा आधी, मग वरून उन्हाच्या बाजूला ऑकर घातलेला फिकट हिरवा, थोडाच. मागं उसाचं शेत असेल तर एक उजळ आडवी पट्टी आणि त्यावर तुऱ्यांसाठी पांढरा, ऑकर आणि कणभर अ‍ॅलिझरिन, कोरड्या ब्रशनं वर झटकलेला.

आता पाणी. त्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, हे मनाशी धरा. लांबच्या पाण्याकडं आपली नजर तिरपी, घसरती जाते, म्हणून ते आरशासारखं वागतं. पायाशी आपण सरळ खाली पाहतो, म्हणून तिथं आरसा फिका पडतो आणि तळ दिसतो. त्यामुळं एकाच नदीत तीन वेगवेगळी पाणी रंगवायची असतात: वर काठाचं आणि डोंगराचं प्रतिबिंब, मधे आभाळाचा तुकडा, खाली तळाचे गोटे आणि माती.

क्रम असा. काठाच्या झाडांसाठी केलेल्या प्रत्येक मिश्रणातून थोडा रंग बाजूला काढा. गडद रंगात किंचित पांढरा घाला, उजळ रंगात किंचित अंबर. प्रतिबिंबात गडद गोष्ट थोडी उजळ होते आणि उजळ गोष्ट थोडी मळते, हा पाण्याचा स्वभाव. मग चपटा ब्रश काठापासून सरळ खाली ओढा. तिरका नाही, ओळंब्यासारखा सरळ. झाड उजवीकडं झुकलेलं असेल तर त्याची छायाही उजवीकडंच झुकते, पण प्रत्येक टोक स्वतःच्या नेमकं खाली येतं. डोंगराचं प्रतिबिंब झाडांच्या खाली येईल आणि ते बरंचसं झाडांच्या छायेनं झाकलेलं असेल. त्याच्या खाली आभाळ, वरच्या आभाळापेक्षा एक पायरी गडद.

सगळं पाणी असं उभ्या फटकाऱ्यांनी भरून झालं की हात धुवा, चहा घ्या. दहा मिनिटांनी मऊ चपटा ब्रश पूर्ण कोरडा करून घ्या. आता तो अगदी अलगद, कॅनव्हासला जेमतेम स्पर्श करत, आडवा फिरवा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, दर दोन फटकाऱ्यांनी चिंधीला पुसत. उभे रंग किंचित आडवे सरकतात आणि पाहता पाहता त्याचं पाणी होतं. मी हे आजवर शेकडो वेळा केलं असेल, तरी तो क्षण आला की अंगावर शहारा येतो. पण इथंच थांबा. तिसऱ्यांदा ब्रश फिरवलात की सगळे रंग मिसळून राखाडी गाळ होतो. मोह आवरणं हेच इथलं खरं कौशल्य.

पाणी वाहतं आहे हे दाखवायला आता वरून काही मोजक्या आडव्या रेघा: गडद छायेत आभाळाच्या रंगाची एखादी उजळ, आणि आभाळाच्या पट्टीत छायेच्या रंगाच्या दोन-तीन गडद. लांब बारीक आणि जवळ जवळ, पुढं येताना रुंद आणि विरळ. पायाशी बर्न्ट सिएना, ऑकर आणि थोडा अल्ट्रामरीन यांच्या तपकिरी-हिरव्या रंगात गोट्यांचे आकार नुसते सुचवा, कडा न देता.

चौथी बैठक: दगड आणि शेवटचा उजेड

आठवडाभर थांबा. थंडीच्या कोरड्या हवेत अंबरचा पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, पांढरा जाड असेल तर जास्त दिवस लागतात आणि अ‍ॅलिझरिन सगळ्यात उशिरा वाळतो. आता रंगात जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब घालायला हरकत नाही.

पुढचे दगड हे या चित्रातले सर्वांत स्पष्ट आकार. आपला काळा पाषाण उन्हात काळा नसतो, वरून तो कोरडा राखाडी-तपकिरी दिसतो आणि पाण्याच्या रेषेवर दोन बोटं ओला काळा. हा ओला पट्टा द्या, म्हणजे दगड पाण्यात बसतो. तो नसेल तर पाण्यावर ठेवल्यासारखा वाटतो. पट्ट्याच्या खाली पाणी दगडाला भिडतं तिथं बारीक उजळ रेघ, तीही सलग नाही. पाणी दगडाला वळसा घालून जातं, म्हणून वाहत्या बाजूला दोन फाटे फुटतात आणि दगडाच्या मागं एक शांत, गुळगुळीत जागा राहते.

फेस शुद्ध पांढऱ्यानं काढू नका. सावलीतला फेस निळसर राखाडी असतो. पांढरा, त्यात कणभर लेमन यलो, हा फक्त ऊन पडलेल्या दोन-तीन ठिपक्यांना. सगळ्या चित्रात एवढा उजळ रंग पाच-सहा जागी पुरे. एखादा बगळा हवाच असेल तर लांबच्या काठावर, गडद छायेपुढं, एका फटकाऱ्याचा. त्याची छायाही पाण्यात द्या.

चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा, मग उलटा करून बघा. १ ते ५ आकडे लिहिलेली रेखाटनं त्याच्याशी ताडून पाहा. झुकलेली पाण्याची रेषा आणि जास्त गडद झालेला लांबचा डोंगर लगेच सापडतात. ओलं असेल तोवर काहीही दुरुस्त होतं: नाईफनं खरवडा, चिंधीनं पुसा, परत लावा. तैलरंगाइतका सोशिक रंग दुसरा नाही.

आवरणं

ब्रश आधी चिंधीला कोरडा पुसा, मग टर्पेंटाइनमध्ये हलवा, मग अंगाच्या साबणानं तळहातावर चोळून धुवा आणि बोटांनी टोक जुळवून आडवा वाळवा. वापरलेलं टर्पेंटाइन बरणीत दोन दिवस ठेवलं की गाळ तळाशी बसतो. वरचं स्वच्छ दुसऱ्या बरणीत काढून परत वापरता येतं. खालचा गाळ मोरीत नाही, आणि नदीत तर कधीच नाही. ज्या नदीला वाईकर कृष्णाबाई म्हणतात, तिचा उत्सव करतात, तिच्या काठावर ब्रश खळबळणारी माणसं मी पाहिली आहेत. बाहेर काम केलं तर घाण डब्यात बंद करून घरी आणा.

मधे एखादा दिवस काढून खटाव तालुक्यातल्या औंधला श्रीभवानी संग्रहालय पाहून या. संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि १९३८ साली त्यांनी आपला संग्रह लोकांसाठी खुला केला. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांजवळ उभं राहून विषय बाजूला ठेवा आणि नुसता रंगाचा पृष्ठभाग पाहा. कुठं थर जाड आहे, कुठं कापडाचं विणकाम दिसतंय, कुठली कड धूसर सोडलीय. छापील चित्रात यातलं काही दिसत नाही.

चित्र वाळताना ते भिंतीला पाठ टेकवून, उजेडाच्या खोलीत ठेवा. कपाटात अंधारात ठेवलं तर जवसाचं तेल पिवळं पडतं. एकावर एक तर ठेवूच नका. गौरी-गणपतीच्या आवराआवरीत, वाळली असं समजून मी दोन चित्रं पाठीला पाठ न लावता तोंडाला तोंड लावून ठेवली होती. दसऱ्याला उघडली तेव्हा एकातला डोंगर दुसऱ्याच्या नदीत गेला होता, दोन्ही गेली. पावसाळ्यात हवा दमट असते, वाळायला जास्त दिवस लागतात आणि ओलीच्या भिंतीला टेकलेल्या कॅनव्हासला मागून बुरशी धरते.

व्हार्निशची घाई नको. सहा महिने ते वर्ष जाऊ द्या. मग कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून, पिळून, चित्राच्या कोपऱ्यातल्या गडद भागावर हळूच टेकवा. बोळ्याला रंग लागला तर अजून दोन महिने थांबा. नाही लागला तर कोरड्या दिवशी चित्र टेबलावर आडवं ठेवून, रुंद मऊ ब्रशनं एकाच दिशेनं पातळ हात द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. चारी कोपऱ्यांना विटांचे टेकू देऊन वर पुठ्ठा झाकून ठेवला की धूळ बसत नाही.